अष्टमीचा उजेड

आमच्या धंद्यात शिसपेन्सिलीलाही कॅमेऱ्याइतकाच मान होता. सुरकुतीची सावली प्रिंटवर काळी उमटते, पण निगेटिव्हवर तीच रेघ पारदर्शक असते. काचेखाली बल्ब लावायचा, डोळ्याला भिंग धरायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने त्या रेघेत ठिपके भरत जायचं. मग प्रिंटवर माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन येतो. नेवाशात स्टुडिओ टाकल्यावर माझा हात यात इतका बसला, की लग्न ठरलेले आणि साठी उलटलेले, दोघेही माझ्याकडेच येत.

पस्तीसेक वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या एका शेतकऱ्याचा मोठा फोटो केला. दोन भुवयांमध्ये खोल आठी, गालावर नांगरटीसारख्या दोन रेघा. मी एकूण एक रेघ भरून काढली. वर्षभराने ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या कारभारीणबाई तीच फ्रेम पिशवीत घालून दुकानात आल्या. म्हणाल्या, "समदं हाये भाऊ, पण ह्यात आमचं माणूस नाही."

त्या रात्री निगेटिव्ह शोधली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून पेन्सिल पुसून काढली आणि नवा कागद डेव्हलपरमध्ये सोडला. लाल दिव्याखाली पांढऱ्या कागदावर आधी टोपी आली, मग मिशा, मग ती आठी. सकाळी बाईंनी फोटो हातात घेतला आणि आठीवरून अंगठा फिरवला. पैसे मी घेतले नाहीत.

आमचं गाव मोहिनीराजाचं. मोहिनी अमृत वाटत असताना राहू वेश पालटून देवांच्या पंगतीत बसला, तो चंद्र-सूर्यांनी ओळखला, ही कथा इथली पोरं देवळातच ऐकतात. शेजारच्या राहुरीचं नावही लोक त्याच राहूशी जोडतात. चेहरा ओळखणाऱ्या त्या चंद्राचाच फोटो मला कितीतरी वर्षं साधला नाही. कोजागिरीला गच्चीवर यशिका लावायचो, रात्र आहे म्हणून शटर उघडं ठेवायचो, आणि निगेटिव्हवर खसखशीच्या दाण्याएवढा नुसता काळा ठिपका यायचा. कळायला वेळ लागला, की रात्र माझ्या गच्चीवर आहे, चंद्रावर ऊनच पडलेलं आहे. शंभर स्पीडची फिल्म असेल तर एफ अकरा आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग, म्हणजे जवळजवळ दिवसाचाच हिशोब. पुढे तीनशे मिलिमीटरची लेन्स आली, तेव्हा बिंब निगेटिव्हवर पावणेतीन मिलिमीटर झालं.

तरीही पौर्णिमेचा चंद्र सपाटच यायचा. ऊन त्याच्यावर समोरून पडतं, त्यामुळे खड्डे-डोंगरांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत. अष्टमीला ऊन कडेने येतं आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर एकेक विवर उभं राहतं. गॅलिलिओने 1609 साली दुर्बिणीतून चंद्रावरचे डोंगर ओळखले, ते या सीमेवरच्या उजेड-सावल्यांवरून. झिजलेल्या शिलालेखाचं तंत्रही हेच. बॅटरी समोर धरली की अक्षरं बुजतात, कडेला धरली की वाचता येतात. आमच्याच गावातल्या ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्यावरही असा जुना लेख कोरलेला आहे.

अष्टमीच्या चंद्राने मला माणसांचे फोटो काढायला शिकवलं. म्हाताऱ्या माणसाला आता मी खिडकीशी आडवं बसवतो आणि छत्रीचा लाइट बंद ठेवतो. लोक म्हणतात, सुरकुत्या येतील. मी म्हणतो, येऊ द्या, त्या तुमच्याच आहेत. आता मोबाइल न विचारताच चेहरा गुळगुळीत करतो. पोरं आजीचा तसला फोटो फ्रेम करायला आणतात, तेव्हा मी त्यांना मूळ फोटो मागतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी आभाळ निरभ्र असलं तरी मला चंद्राभोवती खळं दिसायचं. पट्टी निघाल्यावर घरी आलो, आरशात पाहिलं. माझ्या गालावरही दोन रेघा उतरल्या होत्या. बराच वेळ पाहत राहिलो, त्या बुजवाव्यात असं मनात आलं नाही.

गेल्या संकष्टीला चंद्र उगवायला नऊ वाजून गेले. बायको गच्चीवर अर्घ्य द्यायला उभी राहिली. कठड्यावरच्या निरांजनाचा उजेड तिच्या एका गालावर कडेने पडला होता. मी फोटो घेतला. एरवी ती नको म्हणते. या वेळी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने खूप वेळ पाहिलं. तिच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली. त्यांचा चांगला असा एकही फोटो घरात नाही.

"अहो," ती म्हणाली, "यात माझी आई आलीय."