रिकामा डबा



तुमच्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती, दुकान किंवा संसार सांभाळून ही पुस्तिका वाचत असणार. महिन्याचा हिशेब मांडताना सणासुदीच्या देण्याघेण्याचा एक रकाना तुमच्याही वहीत असेल, असे मी गृहीत धरते. त्या रकान्याविषयी मला थोडे सांगायचे आहे, कारण माझ्या वहीत तो एकदा फार वाईट चुकला होता.

माझे बालपण दुधनीत गेले. सोलापूरहून वाडीकडे जाणारी गाडी होटगी, अक्कलकोट रोड, बोरोटी ही स्थानके मागे टाकते आणि महाराष्ट्राची हद्द संपता संपता दुधनीला थांबते. पलीकडे कलबुर्गी जिल्हा. आमच्या लहानपणी त्याला गुलबर्गा म्हणत. गावात दोन्ही भाषा नांदतात. बाजार समितीच्या आवारात तुरीचा भाव कन्नडमध्ये ठरे आणि पावती मराठीत फाडली जाई. माझ्या घरी मराठी बोलत. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या घरी कन्नड. दसऱ्याच्या संध्याकाळी मी तिच्याकडे आपट्याची पाने घेऊन जात असे आणि ती मला बन्नीची, म्हणजे शमीची, पाने देत असे. मी म्हणे, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." तिची आई म्हणे, "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोण."

पुढे भाषाविज्ञानाचा अभ्यास करू लागले तेव्हा या दोन वाक्यांतील भेद माझ्या ध्यानात आला. मराठी वाक्यात दोन्ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत. घ्या, राहा. बोलणारा एका बाजूला उभा आहे आणि ऐकणारा दुसऱ्या. कन्नड वाक्यातील 'इरोण' या रूपाचा अर्थ 'आपण राहू या' असा होतो. पाने घेऊन आपण दोघी सोन्यासारख्या राहू या, असे ती माउली म्हणत असे. देणारी आणि घेणारी या दोघींना तिने एकाच क्रियापदात बसवले होते. यावरून एक भाषा दुसरीपेक्षा अधिक स्नेहाळ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्याकरणातून स्वभाव वाचणे हा आमच्या विषयातील जुना मोह आहे. परंतु ते 'इरोण' मी फार उशिरा ऐकले, एवढे मात्र खरे.

मराठीनेही या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. दसऱ्याला आपण सोने 'लुटतो'. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना विचारतात, "यंदा काय लुटणार?" एरवी लुटणारा हिसकावून घेतो. येथे मात्र वाण देणारीच लुटणारी ठरते. देण्याचे कर्तेपण झाकण्यासाठी भाषेने जणू दरोड्याचे सोंग आणले आहे. मी दिले नाही, तुम्हीच लुटून नेले. मग उपकार कोणाचे आणि कोणावर?

सोने लुटण्यामागची कौत्साची कथा तुम्ही ऐकली असेलच. ती 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात आहे. मात्र तेथे आपट्याचे झाड नाही. सुवर्णवृष्टी रघूच्या कोशागारात होते. झाड लोककथेने आणले. कालिदासाने सांगितलेला एक तपशील लोककथेत बहुधा गळतो. वरतंतू गुरूने आरंभी दक्षिणा मागितलीच नव्हती. तुझी सेवा हीच माझी दक्षिणा, असे त्यांचे म्हणणे होते. कौत्साने पुन्हा पुन्हा आग्रह केला, तेव्हा गुरू रागावले आणि शिकवलेल्या चौदा विद्यांच्या हिशेबाने चौदा कोटी मागून बसले. पुढे रघू मागितल्याहून अधिक देऊ पाहतो आणि कौत्स गुरूच्या देण्याहून एक नाणेही अधिक घेत नाही. या दोघांचे कौतुक सर्वत्र होते. मला मात्र तो आधीचा प्रसंग आठवत राहतो. देण्याचा हट्ट धरला आणि जिथे किंमत नव्हती तिथे किंमत लागली.

तसा हट्ट मी धरला होता. सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता हाती आला ते वर्ष. मी तोवर सोलापुरात स्थिरावले होते. मैत्रीण दुधनीतच होती; यजमान अडत दुकानात मुनीम, ती घरी शिवणकाम करी. दर दसऱ्याला मी गावी जाई, पाने देई, पाने घेई, तिच्या आईच्या हातची शेंगापोळी खाऊन परत येई. त्या वर्षी मला वाटले, इतकी वर्षे नुसती पानेच दिली! मी साडेचार हजारांची इरकल साडी घेतली. तिच्या यजमानांचा महिन्याचा पगार त्याहून फारसा अधिक नव्हता, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही घेतली. किंबहुना ठाऊक होते म्हणूनच घेतली, हे आज मान्य करायला हवे.

तिने साडी घेतली, पदरावरून हात फिरवला आणि हसून म्हणाली, "उडुगोरे!" भेटवस्तूला कन्नडमध्ये हाच शब्द आहे. त्यातील 'उडु' म्हणजे नेसणे. आपल्याकडे आहेर म्हटले की जसे आधी कापड डोळ्यांपुढे येते, तसेच ते. मी शब्दाच्या व्युत्पत्तीत रमले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे राहून गेले.

पुढच्या दसऱ्याला मला जाणे जमले नाही. तिचा मुलगा सोलापूरला आला आणि एक पुडके ठेवून गेला. आत चांदीचा करंडा होता. कित्येक महिन्यांनी आमच्या तिसऱ्या मैत्रिणीकडून कळले की त्या करंड्यासाठी तिने भिशी आपल्या पाळीआधीच उचलली होती आणि शिलाई यंत्राची दुरुस्ती वर्षभर लांबवली होती. ज्या यंत्रावर घराचा निम्मा खर्च चाले, त्या यंत्राची. त्यानंतर ती मला टाळू लागली. फोन केला की कामाची घाई असे. मी गावी गेले की ती माहेरच्या कोणाकडे तरी गेलेली असे. सलग तीन दसरे आम्ही भेटलो नाही. भांडण झाले असते तर मिटवता आले असते. येथे मिटवण्यासारखे काही घडलेच नव्हते.

'देणे' या मराठी नामाचे दोन अर्थ पाहा. गोड गळा हे देवाचे देणे. आणि वाण्याचे देणे थकले, असेही आपण म्हणतो. देणगी आणि कर्ज यांना एकच शब्द पुरतो. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाचा भेटवस्तूंवरचा निबंध 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने अनेक समाजांचे दाखले देऊन तीन बंधने सांगितली आहेत : द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते. हा निबंध मी अध्यापनात वर्षानुवर्षे वापरत आले होते. फळ्यावर तीन बाण काढून दाखवीत असे. तिसरा बाण कोणाच्या तरी भिशीतून जातो, हे मात्र फळ्यावर दिसत नाही.

एका दिवाळीच्या आवराआवरीत मला माळ्यावर पितळी झाकणाचा एक स्टीलचा डबा सापडला. त्यावर तिच्या आईचे नाव कोरलेले होते. कधी काळी त्यातून शेंगापोळ्या आल्या होत्या. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा नियम तुमच्याही घरी पाळत असतील. मी भरायला बसले. काजू काढले आणि परत ठेवले. मिठाईचा विचार केला; तिचीही किंमत डोळ्यांपुढे आली. सुदाम्याची बायको चार घरी मागून चार मुठी पोहे फाटक्या फडक्यात बांधते, ती पुरचुंडी सुदामा संकोचाने लपवतो आणि कृष्ण ती ओढून घेतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी आपल्या विनोदी लेखसंग्रहालाही त्या पोह्यांचेच नाव दिले. या कथेवर व्याख्यान देणे सोपे असते. पण पगार सुरू झालेल्या माणसाला सुदामा होता येत नाही, आणि होण्याचे नाटक केले तर ते लगेच उघडे पडते. शेवटी मी डबा घासला, पुसला आणि तसाच पिशवीत घालून सकाळच्या गाडीत बसले.

ती दारातच शेंगा निवडत बसली होती. डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिले.

"अग, रिकामा डबा कोण आणतंय का?"

"भरायला काही सापडलं नाही," मी म्हणाले. "तूच भर."

ती काही क्षण डब्याच्या तळाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "शिकून शिकून एवढंही कळेना झालंय तुला," आणि मोठ्याने हसली. तिचे यजमान बाहेर येऊन पाहू लागले. तिने मला उखळापाशी बसवले. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे, मीठ. सोलापूरकडच्या शेंगाचटणीला तेल वरून घालत नाहीत. दाणे कुटता कुटता स्वतःचे तेल सोडतात, आणि ते सुटेपर्यंत कुटावे लागते. दीड तास आम्ही आळीपाळीने मुसळ उचलले. माझा खांदा भरून आला. साडीचा विषय निघाला नाही, करंड्याचाही नाही. पुढे एकदा करंडा परत करण्याची गोष्ट मी काढली, तेव्हा ती खरोखर रागावली. म्हणून तो अजून माझ्या कपाटात आहे. साडी तिने मुलाच्या लग्नात नेसली.

'भेट' या शब्दाचाही मराठीत दुहेरी संसार आहे, हे मी वेगळे सांगत नाही.

तेव्हापासून आम्हा तिघींमध्ये एक करार आहे. दसऱ्याला पाने, संक्रांतीला तिळगूळ, आणि त्याखेरीज जे काही द्यायचे ते दुकानातून आणलेले नसावे. करार तोंडी असल्याने त्याचे अर्थ सोयीने लागतात. तिसरी मैत्रीण एकदा माझ्या आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवून घेऊन आली. त्यातला दोरा दुकानातला होता, यावर आमचा अर्धा तास वाद चालला. मी तिच्या सासऱ्यांना, त्यांची नजर अधू झाल्यावर, सुट्टीतील चार दुपारी वर्तमानपत्रे वाचून दाखवली, तेही हिशेबात धरले गेले. आता तर पानांनाही बाजार आला आहे. सणाच्या आदल्या दिवशी आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या रस्त्यावर विकायला असतात आणि झाडे ओरबाडली जातात. म्हणून आम्ही एकमेकींना एकेकच पान देतो.

एक बाजूची गोष्ट सांगते. अभ्यासकेंद्रावरील शेवटच्या संपर्कसत्राला वर्गणी काढून शिक्षकांना शाल-श्रीफळ देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. त्या वर्गात रविवारची मजुरी बुडवून आलेली माणसे बसलेली असतात. वर्गणीची यादी फिरताना कोणाचा हात रेंगाळतो, ते समोर उभे राहिल्यावर स्पष्ट दिसते. माझ्या वर्गापुरती मी ही यादी बंद केली आहे.

मैत्रिणीची आई गेल्या काही वर्षांपूर्वी वारली. तरुणपणीच वैधव्य आल्याने हळदीकुंकवाच्या समारंभात तिला कधी कोणी बोलावले नाही. वाण लुटणाऱ्या बायकांसाठी ती आतल्या घरात पोळ्या लाटत असे. तिच्या तोंडची भाषा मात्र कोठेही सापडणार नाही अशी होती. कन्नड क्रियापदाला मराठी शेपूट, मराठी म्हणीला कन्नड सुरुवात. ती गेल्यानंतरच्या दसऱ्याला, मला आठवत होते तेवढे तिचे शब्द मी एका शंभर पानी वहीत लिहून काढले. एका पानावर एक शब्द, त्याखाली ती तो कधी वापरायची तो प्रसंग. वही घरातलीच होती. मुलीच्या शाळेची, निम्मी कोरी राहिलेली. ती मी त्याच डब्यात घालून पाठवली.

महिन्याभराने डबा परत आला. वर शेंगाचटणीची पुडी, खाली वही. तिने प्रत्येक पान तपासले होते. सतरा ठिकाणी लाल शाईने खाडाखोड होती. एका शब्दापुढे 'आई असं कधीच म्हणाली नाही' असा शेरा होता, आणि मागच्या कोऱ्या पानांवर मला ठाऊक नसलेले एकोणचाळीस शब्द तिच्या अक्षरात लिहिलेले होते. सध्या वही माझ्याकडे आहे. डबाही माझ्याकडेच आहे, आणि त्यात काय घालायचे ते अजून ठरायचे आहे.