दार बुजवू नये

दिवाळी सरली की आमच्या गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते. दंडार पाहायला पाहुणे येतात आणि दाराला कडी म्हणून लागत नाही. २०२० साली मात्र आमच्या गावी मंडई भरली नाही.

पुढे शाळा उघडल्यावर मी वर्गात करोनाची हकिकत सांगितली. आपल्या पेशींच्या अंगावर ग्राही प्रथिने असतात. त्यांतल्या ‘एसीई-२’ला विषाणूचा काटा चिकटतो. घरच्यानेच कडी काढावी तसे पेशीचेच एक विकर तो काटा छाटून देते. मग दोघांची आवरणे एकजीव होतात आणि विषाणूचा ऐवज आत उतरतो.

एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग असलं दार देवानं ठेवलंच कशाला?”

दार विषाणूसाठी नव्हतेच! रक्तदाब आटोक्यात ठेवायला ते रोज हातभार लावते. ते बुजवले तर चोर अडेल, पण संसारही अडेल. म्हणून शरीर चोराचा हात बांधते. प्रतिपिंडे काट्यालाच वेढतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू निष्प्राण करून कोव्हॅक्सिन लस झाली. तिने शरीराला चोराची ओळख तेवढी पटवून दिली.

आम्हांला ती ओळख उशिरा पटली. जपून राहणे शहाणपणाचेच होते. पण शहरांतून पायी परतलेल्या आपल्याच पोरांना कित्येक गावांनी वेशीवर अडवले, तेव्हा चोर कोण नि घरचा कोण, याचा विसर पडला होता. पेशीला तो पडत नाही असे नाही. पण एकदा शिकली की ती पुष्कळ दिवस लक्षात ठेवते.