वर्दी

दहापांच यंत्रें असलीं म्हणजे कोणतें कोठें आहे हें कारभाऱ्याच्या ध्यानांत राहतें. शेंकडों झालीं कीं वही लागते, आणि ती कोणी लिहावयाची हा वाद उपस्थित होतो. अर्पानेटच्या काळीं साऱ्या यंत्रांचीं नांवें व पत्ते कॅलिफोर्नियांतील एका कचेरींत एकाच यादींत उतरून ठेवीत, आणि बाकीचे तिची नक्कल नेत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरेनाशी झाली. १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं तिच्या जागीं डीएनएसची योजना मांडली.

सर्व्हरांचा कारभार पाहणाऱ्या आम्हां लोकांपुरता तोच वाद 'पपेट'नें पुनः सोडविला, असें आम्ही समजतों. ल्यूक केनीज यांनीं २००५ सालीं काढलेली ही प्रणाली. नांवाचा अर्थ कळसूत्री बाहुली. परंतु येथें बाहुलीला थोडी वाचाही आहे. 'यंत्रावर अमुक असावें' अशी व्याख्या लिहितांना आरंभीं @ ही खूण दोनदां घातली, म्हणजे ती गोष्ट त्या यंत्रावर घडत नाहीं. तिची नोंद मात्र 'पपेटडीबी' या दप्तरांत होते. ज्या यंत्रास ती हवी, तें तेथून वेंचून घेतें व स्वतःवर घडवितें. प्रत्येक यंत्रानें आपली एसएसएच किल्ली अशी कळविली कीं इतरांस तें ओळखतां येतें. एरवीं पहिल्या भेटींत 'हें तेंच काय?' असा प्रश्न पडद्यावर येतो, आणि त्यास न वाचतां 'होय' म्हणण्याची संवय किती सार्वत्रिक आहे हें आम्ही सांगावयास नको. नव्या यंत्राची वर्दी इतरांस त्यांच्या पुढच्या फेरींत पोंचते. फेरी बहुधा अर्ध्या तासाची. तेवढा धीर धरावा.

जन्माची वर्दी अशी ज्याची तो देतो. मृत्यूची कोणी द्यावी? गांवांत ती घरचें माणूस देतें. यंत्र बंद करून फळीवरून उतरविलें तरी दप्तरांत तें नांदतच असतें. पहाऱ्यावरील 'नागिओस'ची यादीही अशाच वर्द्यांतून जमविलेली, तेव्हां तें त्यास हांका मारीत राहतें. मुदत घालून गप्प यंत्रें आपोआप वगळतां येतात. पण दुरुस्तीसाठीं निजलेलें यंत्र आणि गेलेलें यंत्र यांचें मौन सारखेंच. शिवाय दप्तरांतून नांव काढलें तरी इतरांनीं पूर्वीं उतरून घेतलेली ओळ तशीच राहते. ती पुसा, असें निराळें सांगावें लागतें.

म्हणून कोणीतरी बसून त्या यंत्राचें नांव आपल्या हातानें टंकावें लागतें. आमच्या कचेरींत हें काम कोणाकडे, हें अद्याप ठरलेलें नाहीं. गेल्या महिन्यांत उचलून नेलेल्या एका सर्व्हरासाठीं रात्रीं दोन वाजतां अजून फोन वाजतो, आणि ज्याची पाळी असेल तो उठून तो बंद करतो व पुनः निजतो.