अंगावर काटे, पोटात तेल

जायकवाडीचा डावा कालवा अंबड तालुक्यात आला आणि वडीगोद्रीच्या पट्ट्यात उसाचे दिवस आले. अंकुशनगरचा समर्थ कारखाना जवळच. उसासोबत मोसंबी आली, कापूस होताच. या मंडळींचे लाड मोठे: पाणी द्या, खत द्या, फवारे मारा, रात्रीची वीज आली की बांधावर जा. करडई यातलं फारसं काही मागत नाही. मागत नाही म्हणून तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

सप्टेंबरच्या अखेरीला, पाऊस निघून जाता जाता तिची पेरणी होते. पहिला महिनाभर ती वाढतच नाही असं वाटतं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, मधे शेंडा दडलेला. तिचा सगळा जोर तेव्हा खाली चाललेला असतो. काळ्या जमिनीत तिचं सोटमूळ दीड-दोन मीटर उतरतं आणि ज्वारी जिथं हात टेकते त्याच्याही खालची ओल ओढून घेतं. याच दिवसांत विरळणी होते. उपटलेली कोवळी रोपं फेकायची नसतात. लसूण आणि मूगडाळ घालून त्यांची भाजी होते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती दुपारपर्यंत पोटाला धरून राहते. एवढ्या वयातच काय ती करडई मऊ. पुढं पानांच्या कडेला काटे येतात, बोंडाभोवती तर काट्यांचा वेढाच पडतो. ज्वारीच्या कडेनं तिची चार तासं पेरली की गुरं आत शिरायचं नाव घेत नाहीत.

काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तीही पहाटे. दवानं काटे नरम असतात तोवरच काय ते हात चालवायचे. बायका हातांना फडकी गुंडाळून उतरतात. ऊन चढलं की काटे पुन्हा ताठ होतात आणि काम थांबतं. भावापेक्षाही या काट्यांनी तिचं जास्त नुकसान केलं, असं माझं मत आहे. मजुरीला दुसरं काम मिळत असताना करडईच्या रानात कोण जाईल? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याची वाणं काढली, परभणीच्या कृषी विद्यापीठानंही काढली. पण तोवर गावोगावची रानं दुसऱ्या पिकांनी धरली होती.

तिचं बी तळहातावर घेऊन बघावं. पांढरं, गुळगुळीत, कडांना जरा चौकोनी. टरफल इतकं जाड की दाताखाली कट्कन वाजतं. आतल्या इवल्याशा दाण्यात सारी कमाई. बियात साधारण तीस टक्के तेल, आणि त्या तेलात सुमारे पाऊण हिस्सा एकट्या लिनोलेइक आम्लाचा. रोजच्या वापरातल्या तेलांत एवढं क्वचितच सापडतं. अठरा कार्बनांची ही साखळी, तिच्यात नवव्या आणि बाराव्या कार्बनापाशी दुहेरी बंध. त्यातला बाराव्याजवळचा बंध माणसाच्या शरीराला घालता येत नाही. त्यामुळे हे आम्ल खाण्यातूनच यावं लागतं.

हे कळलं उंदरांमुळे. 1929 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्यानं उंदरांना स्निग्धांश पूर्ण वगळलेला आहार दिला. बाकी सगळं पोटभर. तरी उंदरांची वाढ खुंटली, शेपट्यांना खवले धरले, कातडी कोरडी पडली, मूत्रपिंडं बिघडली. ते पाणी भरपूर पीत आणि लघवी मात्र कमी करत. मग पाणी जात होतं कुठं? कातडीतून. शरीरातलं पाणी आत धरून ठेवणारा कातडीचा थर ज्या मेदांनी बनतो, त्यांना लिनोलेइक आम्ल लागतं, हे पुढं उलगडलं. पाण्यावाचून तगणाऱ्या पिकाच्या बियात, अंगातलं पाणी राखणारी ही वस्तू भरलेली असावी, याचं मला फार अप्रूप आहे. गरज मात्र थोडी: दिवसाच्या उष्मांकांतले एक-दोन टक्के. करडईच्या तेलाच्या एका चहाच्या चमच्यात ती जवळजवळ भागते.

त्याच दुहेरी बंधांत तिचा दुबळेपणाही आहे. दोन बंधांच्या मधल्या कार्बनावरचा हायड्रोजन सैल असतो. हवेतला प्राणवायू नेमका तिथं घुसतो. तेलाच्या बुधलीच्या तोंडाशी पिवळा, चिकट थर साठतो, साबणानंही निघत नाही, नखानं खरवडावा लागतो. तो याचाच परिणाम. हवेत असं आळून घट्ट होतं म्हणून करडईचं तेल रंगांतही वापरलं गेलं. कच्चं तेल लसणाच्या चटणीवर घ्यावं, फोडणीला वापरावं. तळणीचं तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

पुढं कोलेस्टेरॉलचं भय आलं आणि करडईचं नशीब शहरात उघडलं. ‘सफोला’ हृदयासाठीचं तेल म्हणून घरोघरी गेलं ते याच तेलाच्या जोरावर. कोलेस्टेरॉल तिच्यामुळे उतरतं, हे खरंच. पण सिडनीत 1966 ते 1973 या काळात हृदयविकारातून उठलेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांच्या आहारातला संपृक्त मेद काढून करडईचं तेल आणि त्याचं मार्गारिन भरपूर दिलं. 2013 साली क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा करडईच्या गटात 17.6 टक्के माणसं दगावलेली दिसली, दुसऱ्या गटात 11.8 टक्के. पुढच्याच वर्षी, 2014 साली, तीन लाखांहून अधिक लोकांच्या पाहण्या एकत्र करणारा दुसरा अभ्यास आला: आहारात लिनोलेइक आम्ल जास्त असणाऱ्यांत हृदयविकार कमी. सिडनीतले सगळे आधीच आजारी होते, आणि त्या मार्गारिनमधल्या ट्रान्स मेदावरही पुढं बोट ठेवलं गेलं. दुसऱ्या बाजूनं, नुसत्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. मला यात एवढं दिसतं की उष्मांकांच्या पंधरा टक्क्यांपर्यंत एकच आम्ल, आणि तेही जवसात असतं त्या ओमेगा-३ च्या सोबतीशिवाय, असं जेवण मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात कधी नव्हतं. इथं भाकरीवर करडईचं तेल असे आणि शेजारी जवसाची चटणी.

आता तिचा स्वभावच बदलू लागला आहे. एका जनुकाच्या फरकानं तिच्या तेलात लिनोलेइकच्या जागी ओलेइक आम्ल भरतं. पॉल्डेन नोल्स यांनी कॅलिफोर्नियात 1966 साली तसं वाण आणलं, आणि आता हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेनंही आणलं आहे. ते तेल तापायला सोसतं, लवकर खवट होत नाही. काटे तेच, फूल तेच, बीही तसंच पांढरं; घाण्यावरच्या माणसाला बघून ओळखता यायचं नाही. कालव्याचं पाणी न पोचणाऱ्या जिरायत रानांत करडई पुन्हा पेरली जावी असं मला मनापासून वाटतं, दोन्ही जातींची. पण मग गावच्या घाण्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत सगळ्यांनी डब्यावर ‘करडई तेल’ या दोन शब्दांवर भागवू नये. आतली करडई कुठली, तळणीची की चटणीवर घ्यायची, हे तिथंच छापलेलं असावं.