बोलीतील हसू

माझे बालपण पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरील वस्तीत गेले. बाबांनी जुन्या बाजारातून आणलेला एक रेडिओ घरात होता. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' लागला, की आवाज नको म्हणून आई पंपाचा स्टोव्ह बंद करी. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी केवळ आवाजाच्या बळावर अवघे घर उभे करीत. आम्ही पोटभर हसत असू. पण ते घर आपले नव्हे, हेही कळत असे.

लोकनाट्य असले, की ढोलकीच्या पहिल्या थापेलाच बाबा सावरून बसत. गण, गौळण, मग बतावणी. सोंगाड्याने विनोद फेकावा आणि ढोलकीने त्याला उत्तर द्यावे. ती थाप चुकली, तर विनोद वाया जाई. तमाशाची ही कला जोपासणाऱ्यांत महार-मांग कलावंत पुष्कळ होते. पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी याच गाण्या-विनोदातून बाबासाहेबांचा विचार गावोगाव पोहोचविला.

एकदा वर्गात वाचताना मी 'पानी' म्हणालो. वर्ग हसला, गुरुजीही हसले. घरी आलो तो मुका होऊनच. संध्याकाळी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम लागला. १९५३ साली सुरू झालेल्या या केंद्रात १९५५ पासून त्या विभागाची धुरा वाहिली ती माणदेशातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी. त्या कार्यक्रमातील माणसे आमच्या आजोळासारखी बोलत, थट्टा करीत आणि शेतीचे शहाणपणही सांगत. बाबा म्हणाले, "बघ, ह्यो बी आपल्यावानीच बोलतोय. त्याला कोन हसतंय का?"

रेडिओवर चेहरा दिसत नाही. पण बोलीवरून माणसाची जात ओळखू पाहणारे कान आपल्याकडे आहेत. बोलीला हसणे आणि बोलीत हसणे यांतील अंतर मला त्या संध्याकाळी उमगले. पुढे इतिहास शिकलो, तेव्हा हे अंतर किती जुने आहे तेही समजले.

गेल्या वर्षी वसतिगृहातील मुले श्रुतिका बसवीत होती. एकाने दबकत विचारले, "सर, शुद्ध बोलू का?" मी म्हणालो, "पेपरात प्रमाण भाषा लिही. इथं आजीसारखं बोल." ढोलकी नव्हती, कोणीतरी पत्र्याच्या ट्रंकेवर ठेका धरला. तो बोलला आणि सारे हसले. त्या हसण्यात तोही होता.