एकतर्फी हुकूम

वकिलाच्या घरात न्याय नांदत असेल अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी आमच्या घरी चार दिवस राहून पाहावे. ‘दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून निर्णय देता येत नाही’, असे आम्ही दिवसभर न्यायालयात घसा कोरडा पडेपर्यंत सांगतो. सायंकाळी घरी येऊन काळा कोट खुंटीस अडकवतो, आणि ते थोर तत्त्वही बहुधा त्या कोटाच्या खिशातच राहून जाते. पंखा कोणत्या गतीने फिरावा येथपासून मुलाने कोणती शाखा घ्यावी येथपर्यंत आमचे हुकूम सुटतात; त्यांवर अपील नाही, आणि फेरविचाराची प्रथा तर नाहीच नाही. अशाच एका हुकुमाची ही हकिकत आहे.

२०२१ सालच्या दिवाळीत आमचे मेव्हणे सिंगापुराहून बऱ्हाणपुरास आले, ते भाच्यासाठी एक भले मोठे खोके घेऊन. खोक्यावर एका यंत्रमानवाचे चित्र होते: अंग पांढरे, छाती निळी, पावले तांबडी आणि कपाळावर तुऱ्यासारखी दोन शिंगे. आत मात्र तयार असे काहीच नव्हते. प्लॅस्टिकच्या चपट्या चौकटींची एक चवड होती, आणि प्रत्येक चौकटीत, कैरी देठाला धरून असावी तसे, बारीक काड्यांना धरून शेकडो सुटे भाग होते. ते कापावयाचे, घासावयाचे, एकमेकांत बसवावयाचे. मग सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची एक मूर्ती उभी राहते. तिचे गुडघे वाकतात, मनगट वळते, हाताची बोटे एकेक करून मिटतात. 

मुलगा त्या वर्षी दहावीत होता. दिवाळी संपली, नाताळ गेला, तरी रविवार आला की तो त्या खोक्यापाशी बसलेला दिसे. परीक्षेस दोन महिने उरलेले, आणि चिरंजीव प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा पॉलिशपेपरवर घासताहेत! २०२२ सालच्या जानेवारीतील एका सोमवारी आमचा संयम सुटला. ‘हे खेळणे बारावी होईपर्यंत माळ्यावर जाईल,’ असे आम्ही जाहीर केले आणि शिडी मागविली.

मुलाने आरडाओरडा केला नाही. तो एवढेच म्हणाला, “बाबा, ते खेळणं नाहीये.”

हे त्याचे म्हणणे आम्ही कामकाजात नोंदवूनसुद्धा घेतले नाही.

मुलगा दहावी झाला, बारावीही झाला आणि २०२४ साली शिक्षणासाठी पुण्यास गेला. गुण चांगले पडले होते. त्यामुळे आमचा हुकूम योग्य होता असे आम्हांस वाटे. एकदा दूरध्वनीवर बोलता बोलता आम्ही औदार्याने विचारले, “ते तुझं खोकं पाठवून देऊ का रे?”

“नको बाबा. आता हौस राहिली नाही.”

त्याच्या स्वरात राग असता तर आम्ही प्रतिवाद केला असता. तो आमचा धंदाच आहे. पण त्या स्वरात काहीच नव्हते. भाड्याने दिलेल्या जुन्या घराविषयी बोलावे तसा तो बोलला आणि जेवणाच्या डब्याच्या गोष्टीकडे वळला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात न्यायालयास उन्हाळी सुट्टी लागली. कोकणातल्या वाचकांस बऱ्हाणपूरचा उन्हाळा ठाऊक असण्याचे कारण नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या काठी वसलेले हे आमचे गाव त्या दिवसांत भट्टीसारखे तापते, आणि दुपारी शहाणा माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नाही. अशा एका दुपारी, कोणा नातलगाच्या मुलास देऊन टाकावे या विचाराने, आम्ही ते खोके माळ्यावरून उतरविले आणि उघडले.

आत काय निघाले ते क्रमवार सांगितले पाहिजे, कारण ती पुराव्याची यादी आहे. पहिली वस्तू मूर्तीचे पुरे झालेले मस्तक. दुसरी डावा हात, खांद्यापासून बोटांपर्यंत. तिसरी म्हणजे आमच्याच सुपारीच्या चार रिकाम्या डब्या. त्यांत कापून काढलेले भाग निवडून ठेवले होते आणि प्रत्येक डबीवर कागदाची चिठ्ठी होती. चौथी वस्तू जपानी भाषेतील मार्गदर्शक पुस्तिका. तिच्यातील एकेका आकृतीवर पेन्सिलीने खूण करून मुलाने बाजूस तारीख लिहिली होती. शेवटची तारीख होती ९ जानेवारी २०२२. दुसऱ्या दिवशी आमचा हुकूम सुटला होता.

आम्ही त्या तारखा पुन्हा पुन्हा वाचल्या. साऱ्या रविवारच्या होत्या. इतर सहा दिवस मुलाने खोक्यास हात लावला नव्हता. हा नियम त्याने स्वतःवर घालून घेतला होता आणि पाळलाही होता. आम्ही विचारले असते तर हे त्याने सांगितले असते. पण आम्ही विचारले नाही.

खोके कोणास द्यावयाचा विचार तेथेच संपला. त्यातली लहानशी कातरपक्कड, जिला हे शौकीन लोक निपर म्हणतात, ती आम्ही हातात घेतली. सौ. चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. “जप्त केलेला मुद्देमाल न्यायाधीशांनीच वापरायला काढला वाटतं!” एवढे बोलून त्या कप ठेवून गेल्या.

वाचकहो, हे काम दिसते तितके सोपे नाही. भाग चौकटीपासून एकदम कापावयाचा नसतो. प्रथम काडीचा थोडा अंश ठेवून लांबून कापावयाचा, मग तो अंश भागालगत कापावयाचा, आणि उरलेला कण आधी भरड, मग बारीक पॉलिशपेपराने घासून सपाट करावयाचा. घाई केली तर ताण पडून त्या जागी पांढरा डाग उमटतो. आमच्या पहिल्या वीस भागांवर असे वीस डाग आहेत. भाग चापाने एकमेकांत बसतात, डिंक लागत नाही. पण एकदा घट्ट बसलेला भाग सोडविताना मोडण्याची भीती असते. शिवाय नखाएवढी चित्रे चिकटविताना पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात, बऱ्हाणपुरात, पंखा बंद! ज्या कार्ट्यास आम्ही आळशी समजलो होतो, तो हे काम किती निगुतीने करीत होता ते त्याच्या डाव्या हातावर बोट फिरवून आम्हांस कळले. काडी कोठे होती ते बोटास लागत नाही.

याहून मोठे आश्चर्य पायांच्या वेळी वाटले. या मूर्तीचा आधी सांगाडा करावा लागतो. मांडीत, पोटरीत, घोट्यात करड्या रंगाचे दांडे, सांधे आणि सरकते भाग अशा बेताने बसवावयाचे की गुडघा वाकला म्हणजे आतील दोन-तीन भाग आपोआप सरकावेत. हे करण्यात आठवडा गेला. आणि मग? मग त्यावर पांढरे कवच चढवावयाचे, आणि सारा सांगाडा झाकून टाकावयाचा! आम्हांस प्रथम हे वेडेपणाचे वाटले. पण आमच्याच गावाबाहेर कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहरास आणले गेले. वर फिरणाऱ्यास दिसते ती केवळ कुंड्यांच्या तोंडांची एक रांग. खरे काम खाली अंधारात आहे. आम्ही पाहुण्यांस तेथे नेऊन त्याची महती शेकडो वेळा सांगितली असेल. घरातला मुलगा झाकल्या जाणाऱ्या कामावर रविवारचे रविवार घालवीत होता, तेव्हा मात्र आम्हांस ते वेळ दवडणे वाटले.

‘ते खेळणं नाहीये’ हे त्याचे वाक्य आता आम्हांस स्वस्थ बसू देईना. सुट्टी होती, आम्ही कायद्याची पुस्तके काढली. सीमाशुल्काच्या दरपत्रकात ९५०३ या शीर्षकाखाली बाहुल्या आणि खेळणी आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीस पण वेगळ्या शब्दांनी लहान प्रमाणातील प्रतिकृतीही आहेत. त्या शीर्षकावरील शुल्क २०२० च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ साली ७० वर गेले. उलट १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेला खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश म्हणतो की, खेळणे म्हणजे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी योजलेली वस्तू. आमच्या खोक्यावर तर १५ वर्षांचा आकडा स्पष्ट छापलेला! म्हणजे एक कायदा म्हणतो, शुल्कापुरते हे खेळण्यांच्या शेजारी बसवा. दुसऱ्याच्या व्याख्येत ते बसवणेच कठीण. थोडक्यात, प्रश्न सुनावणीस योग्य होता, आणि मुलाचा पक्ष दुबळा नव्हता.

मग मूळ कुळकथाही आम्ही शोधली. गंडम नावाची ही चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली. तिला प्रथम प्रेक्षक थोडे लाभले. ५२ भागांचा बेत ४३ भागांत गुंडाळावा लागला. पण जुलै १९८० मध्ये बांदाई या कंपनीने तिच्यातील यंत्रमानवाची जुळणीची प्रतिकृती अवघ्या ३०० येनांस बाजारात आणली, मालिका पुन्हा दाखविली गेली, आणि तिचा शौक देशभर पसरला. आमच्या टेबलावरची मोठी आवृत्ती १९९८ सालची. मूळ यंत्र कथेत १८ मीटर उंच, त्याचा हा साठावा हिस्सा. बांदाईचा कारखाना शिझुओका शहरात आहे. सावंतवाडीच्या चितारआळीस जसा लाकडाचा आणि रंगाचा हात, तसाच त्या शहरासही जुना लाकूडकामाचा वारसा आहे. तेथील तामिया कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यापारातून निघाली, पुढे लाकडी प्रतिकृती करू लागली आणि १९६० साली प्लॅस्टिककडे वळली. सामग्री बदलली, हाताचा चोखपणा तोच राहिला.

आणि कथा? कथेचा नायक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. आमचा मुलगा दहावीत होता त्याच वयाचा. यंत्राची उभारणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते अभियंते त्याचेच वडील. पुढे एका अपघातानंतर वडिलांचे भान हरपते. खूप दिवसांनी बाप-लेकांची गाठ पडते, तेव्हा ते मोठ्या प्रेमाने मुलाच्या हातात यंत्राचा एक भाग ठेवतात. भाग कालबाह्य झालेला असतो. मुलगा तो घेतो, आणि बाहेर पडल्यावर फेकून देतो. हे वाचून आम्ही पुस्तिका मिटली आणि त्या दिवशी पुढे काम केले नाही. ‘खोकं पाठवून देऊ का रे?’ हा आमचा प्रश्न आम्हांस आठवला. आम्हीही मुलाची वेळ निघून गेल्यावर, मोठ्या प्रेमाने, त्याच्या हातात काही ठेवावयास निघालो होतो.

सुट्टी संपली, मग आम्हीही फक्त रविवारी बसू लागलो. तारीख मुलाच्याच पद्धतीने पेन्सिलीने लिहू लागलो. पावसाळा सरला, आणि नवरात्राच्या सुमारास मूर्ती उभी राहिली. ती आम्ही कचेरीतील कपाटात निकालपत्रांच्या खंडांपुढे ठेवली. पक्षकार तिच्याकडे पाहत आणि शुल्काविषयी घासाघीस कमी करीत, हा अनपेक्षित लाभ!

दिवाळीस मुलगा आला. कचेरीत डोकावला, कपाटापुढे उभा राहिला. काही बोलला नाही. मूर्ती उचलून त्याने फिरवून पाहिली, तिचा उजवा गुडघा वाकविला, मग डावा वाकविला. डावा अर्ध्यावर अडला. आम्ही समजत होतो की तो तसाच असावयाचा.

“बाबा, आतला सांधा उलटा बसलाय.”

“मग आता?”

“सगळं कवच काढावं लागेल.”

रात्री जेवणे झाल्यावर त्याने टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरले, दिवा जवळ ओढला आणि पंखा बंद केला. आम्ही समोर खुर्ची घेऊन बसलो. एकेक पांढरा पत्रा तो अलगद सोडवून ओळीने मांडीत होता, आणि आम्ही आठवडाभर खपून केलेला व चुकलेला सांगाडा हळूहळू उघडा पडत होता. दिवाणी संहितेत पुनर्विलोकनाची सोय आहे: ज्याने हुकूम दिला त्याच्याकडेच तो तपासून पाहण्याची विनंती करता येते. अट एवढीच की नजरचूक दिसून आली पाहिजे, किंवा पूर्वी हाती नसलेला पुरावा पुढे आला पाहिजे. आमच्या बाबतीत दोन्ही होते. अर्जदार मात्र अर्ज करणार नव्हता. त्याने तो चार वर्षांपूर्वी एका वाक्यात केला होता.

“ते खोकं माळ्यावर टाकलं ना,” आम्ही म्हणालो, “तेव्हा चुकलंच. तुला विचारायला हवं होतं.”

मुलाने वर पाहिले नाही. सांध्याचा भाग बोटांत धरून तो उजेडात फिरवीत होता. त्याची हौस परत आली असे आम्ही म्हणणार नाही. चार दिवसांनी तो पुण्यास गेला, आणि नवे खोके आणण्याची भाषा त्याने काढली नाही. पण त्या रात्री एक वाजेपर्यंत तो तेथून उठला नाही.

“निपर द्या जरा,” थोड्या वेळाने तो म्हणाला.

आम्ही दिली.