नसेची कड

हमरापूर, ता. पेण, जि. रायगड

ती. ताईस,


कवटीतला दाब वाढून मुलाची नजर जाते तेव्हा डोळा बाहेरून ठणठणीत दिसतो. लाली नाही, पाणी नाही, चिपडे नाहीत. मेंदूभोवतीचे पाणी ज्या आवरणात असते, तेच आवरण डोळ्याच्या नसेला गुंडाळून थेट डोळ्याच्या गोळ्यापर्यंत येते. त्यामुळे डोक्यातला दाब नसेवरही चढतो, तिच्या तंतूंमधली वाहतूक अडते आणि तिचे डोळ्यातले टोक सुजते.

गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना हमरापूरचा कारागीर श्वास रोखून बुबुळाची कड ओढतो. खालचा रंग ओला असला की तीच रेघ फुटते. निरोगी डोळ्यात नसेचे टोक असेच रेखीव गोल दिसते. दाबाने सुजले की कड फुटते, शिरा फुगतात, कधी रक्ताचे बारीक फराटे उमटतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली नेत्रदर्शक पुढे आणला, तेव्हापासून हे टोक जिवंत माणसात पाहता येते. पाहायला दोन-चार मिनिटे पुरतात. डोकेदुखीच्या प्रत्येक मुलाला ती मिळायला हवीत.

मूल मात्र ‘दिसत नाही’ असे सांगत नाही. सुरुवातीला तक्त्यावरची अक्षरे ते नीट वाचते, कारण आधी कडेची नजर जाते, मधली शेवटी. म्हणून ते दाराच्या चौकटीला धडकते, बाजूने आलेला चेंडू त्याला दिसत नाही, आणि घरचे त्याला वेंधळे म्हणतात. वाकून उठताना काही सेकंद अंधारी येते. सकाळी उठल्या उठल्या डोके दुखते, उलटी होते, मग जरा बरे वाटते. ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी दिले जाते. एखादा डोळा आत वळतो, एकाचे दोन दिसतात. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात. तिथे टाळू फुगते, डोके भराभर वाढते, डोळे मावळतीच्या सूर्यासारखे खाली झुकतात. डोक्याचा घेर टेपने मोजून नोंदवत राहणे इथे फार मोलाचे आहे.

कारणे अनेक: मेंदूतली गाठ, पाणी साचणे, कवटीचे सांधे वेळेआधी जुळणे, काही औषधे, ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक, कधी तर कारण सापडतच नाही. आपल्याकडे क्षयाचा मेंदूज्वर विसरून चालत नाही. मुंबईत डॉ. उदानी आणि डॉ. दस्तूर यांनी १९६०च्या दशकात मुलांच्या क्षयजन्य मेंदूविकाराचा बारकाईने अभ्यास केला. या आजारात नजरेवर दुहेरी घाला पडतो: साचलेल्या पाण्याचा दाब, आणि नसांभोवती गोठणारा चिकट स्राव. त्यावरच्या औषधांपैकी इथॅम्ब्युटॉलही नसेला इजा करू शकते, म्हणून उपचार चालू असताना नजर तपासत राहावे लागते. जन्मतःची बीसीजी लस मुलांना या मेंदूज्वरापासून बऱ्याच अंशी वाचवते.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी डोक्याचा स्कॅन, मगच गरजेनुसार पाठीतले पाणी काढून तपासणे. आत गाठ असताना सुई घातली तर जिवावर बेतू शकते. उपचार कारणाप्रमाणे: गाठ काढणे, साचलेले पाणी वाहून नेणारी शंटची नळी किंवा दुर्बिणीने त्याला नवी वाट, कारण न सापडलेल्या प्रकारात ॲसिटाझोलामाइड हे औषध. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासायची असतात. त्या दिवशी धडपडणाऱ्या, सकाळी ओकणाऱ्या मुलाबद्दल पथकाला आवर्जून सांगावे. दाब वेळेत उतरला तर सूज काही आठवड्यांत ओसरू लागते. तंतू वाळून नसेचे टोक पांढरे पडले, तर गेलेली नजर सहसा परतत नाही.

शंट बसवलेल्या मुलाबाबत आणखी एक गोष्ट. नळी तुंबून दाब पुन्हा चढला तरी वाळलेली नस सुजत नाही. मेलेल्या तंतूंत सुजण्यासारखे काही उरलेले नसते. तिथे डोळ्यात सूज नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. उलटी, झोपाळूपणा, डोकेदुखी दिसली की जिथे शंट घातला त्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे.

तुझा,
धाकटा भाऊ